काकांचं वजन

त्या वृद्धनिवासात कामाला लागल्यापासून तिला सगळे मावशीच म्हणत. सिस्टर म्हणत, स्वयंपाकघरातली माणसं म्हणत, भेटायला येणाऱ्या मुली-सुना म्हणत, आणि खुद्द म्हातारी माणसंही म्हणत. आयुष्यभर क्रेन चालवलेले, म्हणून क्रेनवाले, काका तिला एकदा म्हणाले होते, "मी तुझ्या बापाच्या वयाचा आणि तू माझी मावशी. हे नातं कुठल्या कोर्टात टिकेल?"

"कोर्टात नंतर जाऊ काका, आधी खुर्चीत चला," ती म्हणाली होती.

खुर्चीत नेणं हेच तिचं काम. सकाळी पलंगावरून उठवायचं, चाकाच्या खुर्चीत बसवायचं, न्हाणीघरात न्यायचं, पुसून-कोरडं करून परत आणायचं. दुपारी पुन्हा आडवं करायचं, संध्याकाळी पुन्हा बसवायचं. पोतं असतं तर एकदा उचलून ठेवलं की काम संपलं. माणूस ऐन वेळी घाबरतो, पलंगाची कड पकडून बसतो, नाहीतर गळ्याला मिठी मारतो. आणि त्याला धरायचं तरी कुठे? काखेत धरून ओढलं तर खांदा निखळेल, मनगट धरलं तर कातडी सोलवटेल, इतकी ती पातळ झालेली.

उचलायचं कसं हे तिला माहीत नव्हतं असं नाही. व्यायामवाल्या बाई येऊन सगळ्यांना रीतसर शिकवून गेल्या होत्या. आधी पलंग कंबरेच्या उंचीला आणा. गुडघ्यात वाका, पाठीतून वाकू नका. माणसाला अंगाशी घ्या, लांबून उचलू नका. वळायचं तर पावलं टाकून वळा, कंबरेला पीळ देऊ नका. आणि जड माणसाला एकटीने हात लावायचा नाही. बाईंचं सगळं खरं होतं. फक्त त्यांनी शिकवलं ती खोली ऐसपैस होती, पलंग नवा होता, आणि पेशंट म्हणून झोपवलेली मुलगी ऐन विशीतली, सांगाल तशी वळणारी. वरच्या मजल्यावर पलंग उंच करायचा दांडा असा गंजलेला की तो फिरवण्यातच निम्मा जीव जायचा. दोन पलंगांच्या मध्ये खुर्ची घातली की पाय रोवायला जागा उरायची नाही. आणि सकाळच्या पाळीला अख्ख्या मजल्याला मिळून दोघीच.

दुसरी होती तिला सगळे रेडिओ म्हणत, कारण ती कामावर आल्यापासून जाईपर्यंत बोलायची. पेशंटशी बोलायची, भिंतीशी बोलायची, आजूबाजूला कोणी नसलं तर चादरीशी बोलायची. पण हात खमके होते. काकांना उठवायचं ते दोघींनी मिळून, हे त्यांचं ठरलेलं होतं. काका अंगाने आडमाप, हाडपेर मोठं, आणि अर्धांगाने उजवी बाजू गेलेली. डावा पाय मात्र अजून जोर लावायचा. मावशी "हं" म्हणाली की काका तो पाय जमिनीत रोवत आणि त्या जोरावर तिघांचं मिळून काम होऊन जाई.

त्या सकाळी रेडिओ काकांच्या पलंगापाशी येऊन उभी राहिली आणि तेवढ्यात पलीकडच्या खोलीतली घंटा वाजली. तिथल्या आजी पलंगाच्या कडेला सरकत आल्या होत्या.

"आलेच मी, हात नको लावूस," म्हणून रेडिओ पळाली.

मावशी थांबली होती. पण काकांना लघवीची घाई झाली होती, आणि ते शरमेने भिंतीकडे तोंड करून पडले होते. एवढ्या थोराड माणसाला अंथरूण ओलं होईल या भीतीने ओठ आवळून पडलेलं तिला बघवेना. तिने पलंग आहे त्याच उंचीला ठेवला, वाकून दोन्ही हात त्यांच्या पाठीमागे घातले आणि म्हणाली, "हं."

काकांनी पाय रोवला. ते उठलेही. पण खुर्ची थोडी मागे राहिली होती. पाऊल टाकायला जागा नव्हती, म्हणून त्यांना अंगावर घेऊन ती कंबरेतूनच वळली. तेव्हा पाठीत खाली, डाव्या अंगाला, ओलं फडकं कोणीतरी गच्च पिळावं तसं झालं.

तिने काकांना सोडलं नाही. हळूच खुर्चीत टेकवलं, त्यांचा निर्जीव हात उचलून मांडीवर ठेवला. मग तिला सरळ होता येईना. ती तशीच वाकलेली, खुर्चीच्या हातांवर हात टेकून, काकांच्या तोंडासमोर तोंड. दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

"काय झालं?" काका म्हणाले.

"काही नाही. उसण भरली असेल."

"खोटं बोलू नकोस."

"काका, तुम्हाला घाई आहे ना? मग गप्प बसा."

रेडिओ आली तेव्हा मावशी खुर्ची ढकलत निघाली होती, पण कंबरेत वाकून, जशी काही जमिनीवर पडलेली सुई शोधते आहे. त्या दिवशी रेडिओने तिला खुर्चीवर बसवलं आणि बाकीचा मजला एकटीने उरकला. मावशी दुपारी घरी गेली ती भिंतीला धरून.

डॉक्टर म्हणाले, मणका शाबूत आहे, स्नायू दुखावलाय. ऐकायला एवढंसं वाटतं. गोळ्या दिल्या, शेक घ्यायला सांगितला, आणि वर बजावलं की नुसतं झोपून राहू नका, थोडं थोडं चालत राहा. पण वजन अजिबात उचलायचं नाही.

"बादलीसुद्धा?"

"बादली तर नाहीच."

मावशीचा नवरा शिंपी. पुढच्या खोलीत मशीन टाकून आयुष्यभर मान खाली घालून बसलेला, त्यामुळे त्याची मान वर जायची नाही. लेक लग्न होऊन दूर गेलेली. घरात ही दोघंच. तो म्हणाला, "एक धड माणूस करायचं तर आपल्या दोघांचे सुटे भाग जोडावे लागतील." तिला हसू आलं, आणि हसल्याबरोबर पाठीत अशी कळ गेली की तिने त्याला हात जोडले. "हसवू नका. बाकी काहीही करा."

आडवं झाल्यावर उठणं हे सगळ्यात वाईट. पहिल्या सकाळी तो तिच्या उशाशी आला, तिच्या दोन्ही काखांत हात घातले आणि ओढायला लागला. माया होती, पण पद्धत हमालाची.

"अहो, थांबा. ओढू नका."

"मग उठणार कशी?"

"मला कुशीवर वळू द्या. गुडघे दुमडून. खांदा आणि कंबर एकदम वळायला पाहिजे, आधी हे मग ते असं नाही. आता पाय खाली सोडते. मी कोपरावर जोर देईन. तुम्ही फक्त पाठीला हात लावा."

"नुसता हात?"

"नुसता हात."

तो हात लावून उभा राहिला. ती कोपरावर रेटत उठून बसली. घाम आला होता. किती माणसांना तिने असं उठवलं असेल, पण पलंगावरच्या माणसाला मधला तो क्षण कसा वाटतो हे तिला ठाऊक नव्हतं. आपलं अंग आपलं नसतं. समोरचा घाईत आहे की नाही, हे त्याच्या बोटांवरून लगेच कळतं. आपल्या बोटांवरून काकांना काय काय कळलं असेल, असा विचार मनात आला आणि तिला कसंनुसं झालं.

दिवस रेंगाळत गेले. नवरा पाणी भरायचा, भांडी घासायचा, आणि भांडी घासून झाली की तिच्याकडे असा बघायचा की कौतुक केल्याशिवाय सुटका नसे. ती खिडकीपर्यंत चालायची, परत यायची, पुन्हा जायची. दुखणं कमी झालं, पण थकवा गेला नाही. तो पाठीतला नव्हताच बहुतेक. कुठून तरी जुना साचलेला, आता निवांत बसायला मिळालं तसा वर आलेला.

ती कामावर परतली तेव्हा मोठ्या सिस्टरनी तिला खोलीत बोलावलं. मोठ्या सिस्टर स्वतः पाठीमागे उशी घेऊन बसायच्या. त्या म्हणाल्या, "तुला आता उचलायचं काम नाही. जेवणं वाढ, भरव, कपड्यांच्या घड्या घाल. रेडिओबरोबर खालच्या मजल्यावरची एक बाई देतेय."

"आणि खालच्या मजल्यावर कोण?"

सिस्टरनी डोळे चोळले. "ते मला विचारू नकोस."

अशी ती ताटांवर आली. आणि ताटांवर आली म्हणून तिला कळलं.

रेडिओनेच पहिल्यांदा विषय काढला. व्हरांड्यात कपाळाचा घाम पुसत म्हणाली, "एक बरं झालं बाई, काका हल्ली हलके झालेत. देवच पावला म्हणायचा. पण काय गं, पायात जीवच राहिला नाही त्यांच्या. आधी 'हं' म्हटलं की कसा रोवायचे. आता नुसते लोंबतात. म्हणजे वजन कमी झालंय म्हणावं तर उचलताना पहिल्यापेक्षा जड लागतात. आहे की नाही गंमत?"

मावशीला त्यात गंमत दिसली नाही. ती ताटांची गाडी ढकलत काकांच्या खोलीत गेली. काकांची गालफडं बसली होती. सदऱ्याच्या गळ्यातून मानेच्या शिरा दिसत होत्या. तिला बघून ते हसले, पण लगेच तिच्या कमरेकडे बघितलं. ती कशी चालते ते बघत होते.

तिने ताट ठेवलं. सूप, पाव, उकडलेली अंडी, भाजी. मग दुसऱ्या पलंगावरच्या मास्तरांकडे वळली. मास्तर ठार बहिरे, आणि अलीकडे चांगलेच बाळसेदार झाले होते. तिने मास्तरांचं ताट लावलं, गाडी बाहेर काढली, आणि दाराआड थांबली. काकांनी डाव्या हाताने पाव उचलला, अंडी उचलली आणि हात लांब करून मास्तरांच्या ताटात ठेवली. मास्तरांनी मान डोलावून ती स्वीकारली. हे नेहमीचं असावं, कारण दोघांपैकी कोणाच्याही तोंडावर काही उमटलं नाही.

मावशी आत आली, दार लोटून घेतलं आणि काकांच्या पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली. बसली की पुन्हा उठायला त्रास व्हायचा.

"हे कधीपासून चाललंय?"

काका छताकडे बघायला लागले. "मास्तरांना भूक जास्त आहे."

"काका."

"भूक नसते मला."

"मी भूक नसलेली माणसं रोज बघते. ती ताट ढकलतात. असं वेचून वेचून शेजाऱ्याला देत नाहीत."

मास्तर पाव चावत दोघांकडे आळीपाळीने बघत होते. काकांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "क्रेनच्या हातावर एक पाटी असते. किती वजन उचलायचं ते लिहिलेलं असतं. त्याच्यावर गेलं की आत घंटा वाजते. ड्रायव्हर कितीही घाईत असला तरी त्याला ऐकावं लागतं. तुझ्यावर पाटी नाही, मावशी. घंटाही वाजली नाही. तुझं तोंड माझ्या तोंडाजवळ होतं. तुझा श्वास मध्येच अडकला तो मी ऐकला. आणि तरी तू मला सोडलं नाहीस, खाली नीट ठेवलंस." ते थांबले. "मी घरी पडून विचार... घरी कुठे, इथेच पडून विचार केला. तुला बदलता येत नाही, खोली बदलता येत नाही. वजन तेवढं माझ्या हातात आहे."

मावशीला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. तिला आला राग.

"म्हणजे तुम्ही उपाशी राहणार आणि त्याचं पुण्य माझ्या नावावर."

"तसं नाही."

"तसंच आहे. आणि ऐका, तुम्ही हलके झाला नाहीत. जड झालात. रेडिओला विचारा. तुमचा तो पाय होता ना, तो निम्मं काम करायचा. आता त्यात जोर नाही. सगळा भार तिच्या अंगावर येतो. माझी पाठ गेली, आता तिची घालवा."

काकांनी तिच्याकडे बघितलं. एवढा मोठा माणूस, पण चेहरा चोरी पकडलेल्या पोरासारखा झाला. त्यांनी हे लक्षातच घेतलं नव्हतं. डाव्या हाताने त्यांनी आपली मांडी चाचपून पाहिली.

"मी हिशेबच चुकलो," ते म्हणाले.

"चुकलात."

मग तिने दुसराच विषय काढला. मजल्याच्या टोकाला सामानाच्या खोलीत, जुन्या गाद्यांच्या मागे, माणूस उचलायचं यंत्र होतं. चाकांवर उभा लोखंडी खांब, त्याला पुढे आलेला हात, आणि हाताला टांगायची कापडी झोळी. माणसाला झोळीत घ्यायचं, बटण दाबायचं, की तो आपोआप वर. सगळे त्याला झोपाळा म्हणत. आणला तेव्हा आठवडाभर कौतुक झालं, मग तो मागे पडला. लावायला वेळ फार लागायचा, आणि म्हाताऱ्यांना भीती वाटायची. काकांनी तर पहिल्याच दिवशी हात आडवा केला होता. का, ते कोणी विचारलं नव्हतं.

"त्यात का नाही बसत तुम्ही?"

"नको."

"का पण?"

काकांनी मान वळवली. "माझ्या क्रेनच्या झोळीचा पट्टा तुटला होता एकदा. माल खाली आला. खाली खुणा करणारा माणूस उभा होता. जिवाने वाचला, पायाने गेला. माझी चूक नव्हती, सगळे म्हणाले. नव्हतीच. पण वर बसून मी ते बघितलंय." मग म्हणाले, "आणि दुसरं म्हणजे, आयुष्यभर मी माल उचलला. मला मालासारखं टांगलेलं नको."

"आणि मला क्रेन केलेलं चाललं?"

हे तिच्या तोंडून निघून गेलं. ती दमली होती, कंबर ठणकत होती, नाहीतर ती असं बोलली नसती. काकांनी डोळे मिटले. मास्तर पाणी प्यायला लागले. मावशीने खाली पडलेला पावाचा तुकडा बघितला, उचलायला वाकणार होती, मग थांबली, आणि पायाने तो बाजूला सारला.

"आण तुझा झोपाळा," काका डोळे न उघडता म्हणाले. "पण मी आधी तपासणार. मग बसायचं की नाही ते सांगेन."

"आणि जेवण?"

"जेवतो."

"मी समोर उभी राहणार."

"राहा. पोलीस ठेव आणखी दोन."

दुसऱ्या दिवशी रेडिओने गाद्या सरकवून झोपाळा बाहेर काढला. धुळीने ती शिंकत होती आणि दोन शिंकांच्या मध्ये बोलत होती. बॅटरी मेलेली होती, पण काकांना आधी झोळी हवी होती. त्यांनी ती मांडीवर घेतली, डाव्या हाताने एकेक पट्टा बोटांतून सरकवला. नाकाजवळ नेऊन शिवण बघितली. एका पट्ट्याच्या मुळाशी त्यांचं बोट थांबलं.

"इथे धागे सुटलेत."

मावशी म्हणाली, "आमच्या घरी शिंपी आहे. एका बैठकीत शिवून देईल."

"नाही." काका एकदम ताठ झाले. इतक्या दिवसांत तिने त्यांचा हा आवाज ऐकला नव्हता. "उचलायचा पट्टा शिवून वापरत नाहीत. फेकून द्यायचा. नवीन मागवा."

मोठ्या सिस्टरनी नवीन झोळी आणि बॅटरी मागवली. यायला इतके दिवस लागले की सगळे ती गोष्ट विसरायला लागले. तेवढ्या दिवसांत काका जेवत होते. मावशी समोर उभी राहून भरवायची नाही, नुसती बघायची, आणि ते मुद्दाम तिला दाखवून घास घ्यायचे. मास्तरांना हा बदल आवडला नाही. ते दोन-तीन वेळा हात पसरून बसले आणि मग रुसून भिंतीकडे वळले. सकाळी रेडिओ आणि खालची बाई काकांना उचलायच्या तेव्हा मावशी दारात उभी असायची. तिचे हात आपोआप पुढे व्हायचे. ते तिने पाठीमागे बांधून ठेवायला शिकून घेतलं. बघत उभं राहणं उचलण्याइतकंच दमवणारं होतं.

नवीन झोळी आली. काकांनी तीही तपासली, नव्या मालावर तर त्यांचा अजूनच विश्वास नव्हता. मग म्हणाले, "रिमोट माझ्याकडे द्या."

सिस्टर म्हणाल्या, "पेशंटच्या हातात देत नाहीत."

"मग पेशंट बसत नाही."

शेवटी सिस्टर स्वतः खांबापाशी उभ्या राहिल्या, थांबवायच्या लाल बटणावर हात ठेवून, आणि रिमोट काकांच्या डाव्या हातात गेला. काकांनी मावशीला समोर, भिंतीपाशी उभं केलं. "खाली खुणा करायला माणूस लागतो. वर बसलेल्याला सगळं दिसत नाही. अंगठा वर म्हणजे उचल. अंगठा खाली म्हणजे उतरव. पंजा उघडला की थांब. आणि माझ्या खाली उभी राहू नकोस."

रेडिओने आणि खालच्या बाईने त्यांना या कुशीवरून त्या कुशीवर वळवत झोळी अंगाखाली सरकवली, पट्टे अडकवले. काकांनी प्रत्येक आकडा हाताने ओढून बघितला. मग मावशीकडे बघितलं. तिने अंगठा वर केला.

यंत्र घुरघुरलं. पट्टे ताणले गेले. काकांचं एवढं मोठं शरीर गादीपासून वेगळं झालं आणि झोळीत गोळा होऊन किंचित झुललं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, ओठ आवळलेले. मावशीच्या पाठीतल्या स्नायूने सवयीने ताण घेतला, जणू वजन तिच्यावरच येणार होतं. ते आलं नाही. तिने पंजा उघडला. काका थांबले. खोलीत कोणी बोलेना, रेडिओसुद्धा नाही.

"ठीक आहे?" मावशीने विचारलं.

"घाई करू नकोस," काका म्हणाले. "जरा राहू दे."

ते तसेच हवेत राहिले. मग त्यांचा जबडा सैल झाला. रेडिओने झोपाळा खुर्चीकडे सरकवला, मावशीने खुर्चीची जागा नजरेने जुळवली आणि अंगठा खाली केला. काका खुर्चीत टेकले, अगदी बरोबर मधोमध. सिस्टरनी लाल बटणावरून हात काढला. काका म्हणाले, "उतरतानाचा वेग थोडा जास्त आहे," आणि डाव्या बाहीने डोळे पुसले.

त्यानंतर काका झोपाळ्यातूनच उठायचे. बाकीच्यांनीही हळूहळू मान तुकवली. काही आजींना तर त्यात मजा वाटायला लागली. पण सगळं सुरळीत झालं असं म्हणता येणार नाही. एक माणूस उठवायला पूर्वीपेक्षा किती तरी वेळ जायचा. चहा थंड व्हायचा, आंघोळी दुपारवर जायच्या, आणि भेटायला येणारे नातेवाईक विचारायचे की आमच्या आई अजून अंथरुणात कशा. यंत्र एकच. ते एका खोलीत असलं की दुसऱ्या खोलीतली घंटा वाजत राहायची. अशा वेळी रेडिओ पूर्वीसारखीच वाकून उचलायची. मावशीने एकदा तिला न्हाणीघराच्या दारात कंबरेवर दोन्ही हात ठेवून, मागे झुकून उभं असलेलं बघितलं.

"काय गं?"

"काही नाही. जरा मोकळी करतेय."

मावशी तिला धरून मोठ्या सिस्टरकडे घेऊन गेली. दुसरं यंत्र हवं, आणि सकाळच्या पाळीला तिसरी बाई हवी, एवढंच ती म्हणाली, पण ते म्हणून झाल्यावर निघून न जाता उभी राहिली. सिस्टरनी उशी सारखी केली. "मी वर कळवते. किती वेळा कळवलंय. पुन्हा कळवते." त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्याही आवाजात पाठीचंच दुखणं होतं. थंडी संपेपर्यंत तिसरी बाई आली. दुसरं यंत्र मात्र आलं नाही.

मावशी पुन्हा उचलायच्या कामावर गेली नाही. डॉक्टरांनी परवानगी दिली तरी तिने स्वतःच नको म्हटलं, आणि ते म्हणताना तिला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त लाज वाटली. इतकी वर्षं लोक तिच्याबद्दल सांगायचे ते हेच, की मावशीचा हात लागला की माणूस उठतो. आता ती ताटं वाढायची, घड्या घालायची, आणि नवीन आलेल्या बाईला माणसाला कुशीवर कसं वळवायचं ते तोंडाने सांगायची. सकाळी उठल्यावर पाठ अजून ताठलेली असायची. दुपारपर्यंत सैल व्हायची. डॉक्टर म्हणाले होते असंच राहील थोडं.

एके दिवशी संध्याकाळी ती बाजार करून बसस्टॉपवर आली. पिशवी भरलेली होती, बटाटे, कांदे, तेलाची बाटली. बस आली, पायरी उंच होती. एरवी तिने पिशवी खांद्याला मारली असती, दांडा धरला असता आणि दात खाऊन चढली असती. ती पायरीपाशी थांबली. मागे एक अनोळखी माणूस होता, कामावरून परतणारा, कपड्यांवर रंगाचे शिंतोडे.

"अहो, एवढी पिशवी जरा वर ठेवता का?" ती म्हणाली.

त्याने तिच्याकडे नीटसं बघितलंही नाही. पिशवी घेतली, वर ठेवली आणि बाजूला सरकून तिला चढायला वाट दिली. ती खिडकीजवळच्या जागेवर बसली. पिशवी पायांशी होती. बस निघाली तेव्हा तिचे डोळे मिटले होते.